सायकलच्या दुकानात फुंकर

मी तिरसट आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. एकवीस खंड मांगा, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथा, काढल्यावर कुणी गोड राहत असेल तर त्यानं येऊन मला शिकवावं. पण आज मला आभार मानायचेत आणि ते मला मुळीच येत नाहीत, म्हणून आधी भांडण सांगते. भांडण मला छान सांगता येतं.

माझी मालिका एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाची. दुकानात एक मिस्त्री, साठीचा, मिशीवाला, मोजकं बोलणारा. एकवीस खंडांत त्यानं काय केलं, तर पंक्चरं काढली, स्पोक बदलले, चेन चढवली, वाकड्या चाकांचा आऊट काढला. ना राक्षस, ना तलवारी. तरी लोक वाचतात, कारण ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे कुठून निघतात हे बघत बसायला माणसाला आवडतं. आमचे बाबा हाच धंदा करायचे, त्यामुळे मला हे घमेल्यापाशी बसूनच कळलेलं. मिस्त्रीची एक गोष्ट वाचकांना पाठ आहे. सायकल कितीही चेपलेली आणा, तो कधी "होणार नाही" म्हणत नाही. "ठेवून जा," म्हणतो.

धाकटी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्या मालिकेत उंच टोपीची एक भटकी जादूगारीण आहे. मोडलेल्या वस्तूवर ती फुंकर मारते आणि वस्तू नीट होते. कप, पूल, घंटा, काय वाट्टेल ते. फक्त एक अट आहे. वस्तूच्या मालकानं स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं, "मोडलंय, मला जमत नाही." तोवर फुंकर म्हणजे नुसती हवा. धाकटीचे निम्मे भाग या एका वाक्यावर चालतात. राजे, सावकार, शिक्षक, सगळे ते वाक्य टाळायला बघतात, आणि वाचक पानं उलटत राहतात. हुशार आहे कार्टी. तेव्हाही होती.

तेव्हा म्हणजे नऊ वर्षं ती माझ्या स्टुडिओत सहायक होती. स्टुडिओ कसला, काचेच्या दुकानावरची एक लांबट खोली. तीन टेबलं, खिडकी, निबांचा डबा आणि खालून दिवसभर काच कापल्याचा आवाज. आमच्या धंद्यात सहायकानं मालकाची रेघ उचलायची असते, स्वतःची दाखवायची नसते. धाकटीनं माझी रेघ इतकी उचलली की महिन्याभरानं छापील अंक हातात आला की कुठलं चाक माझं आणि कुठलं तिचं, हे मलाही सांगता यायचं नाही. नवव्या वर्षी तिनं मागितलं की मुखपृष्ठावर माझंही नाव घाल, खाली, बारीक अक्षरात चालेल. मी म्हटलं, "दुकानावर पाटी एकाचीच असते."

तिनं वाद घातला नाही. निबं धुतली, पुसली, डब्यात ठेवली आणि गेली. त्यानंतर अकरा वर्षं ती इकडे फिरकली नाही. मधल्या काळात आई गेली तेव्हा आम्ही बोललो, ते कपाटाच्या किल्ल्यांबद्दल.

आता माझं दुखणं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ज्या भांडणाचं सांगतेय त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. वेदना थांबल्या, पण बोटं माझं ऐकेनाशी झाली. इंचभर रेघ सरळ येते, पुढे ती शिवण उसवल्यासारखी भरकटते. डॉक्टर म्हणाले, आता आहे हे असं आहे. हे डॉक्टरांना माहीत, मला माहीत आणि शाईवालीला माहीत. शाईवाली म्हणजे माझी आत्ताची सहायक, दोन मुलांची आई, सहा वर्षं माझ्या पेन्सिलीवर शाई चढवणारी. ती आता चाकं कंपास आणि पट्टीनं काढायची, आणि पट्टीचं चाक मेलेलं दिसतं म्हणून मी त्याच्यासमोर काहीतरी आणून ठेवायचे. खोकं, बादली, गिऱ्हाइकाचे पाय. वेळ निभावून नेत होते. पण बाविसावा खंड शेवटचा होता. त्यात मिस्त्री दुकान बंद करण्याआधी सुरुवातीपासून एक अख्खी सायकल जोडतो, पानंच्या पानं, नुसती चाकं. ती गोष्ट माझ्या डोक्यात शेवटच्या चौकटीपर्यंत तयार होती आणि कागदावर एक रेघ नव्हती. ती तशीच डोक्यात घेऊन मरायचं, एवढ्याचीच मला भीती वाटायची.

अशात आमचे संपादक आले. त्यांना मी गोडबोल्या म्हणते, तोंडावरसुद्धा. दोन्ही मालिका त्यांच्याच मासिकात चालतात. त्यांनी सुचवलं की दोन बहिणींनी मिळून एक विशेष भाग करावा, चाळीस पानांचा. जादूगारीण सायकलच्या दुकानात येते, बस, एवढंच. शाईवालीनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. का म्हटलं, तर चाळीसपैकी वीस पानं धाकटी काढणार होती आणि मला तेवढीच विश्रांती. दुसरं कारण होतं, पण ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

आणि गोडबोल्यांबरोबरच्या पहिल्याच बैठकीत माशी शिंकली. प्रश्न साधा होता. जादूगारीण माझ्या दुकानात आली, तर तिची जादू तिथे चालणार का?

मी म्हटलं, अजिबात नाही. माझ्या दुकानात पंक्चर काढायला ट्यूब बाहेर काढावी लागते, भोक शोधावं लागतं, कागद घासावा लागतो, सोल्युशन सुकू द्यावं लागतं. ही बया येऊन फू करणार आणि काम झालं, तर एकवीस खंड मिस्त्री काय झक मारत होता? आणि उद्या प्रत्येक वाचक विचारणार, अहो, तिलाच परत का नाही बोलावत? एकदा जादू आत आली की माझ्या जगातलं प्रत्येक पंक्चर हा मिस्त्रीचा हट्टीपणा ठरतो.

धाकटीनं गोडबोल्यांकरवी उत्तर पाठवलं. जादू काही जमिनीत नसते, माणसात असते, आणि माझ्या बाईची तर श्वासात आहे. दारात चपला काढतात तशी ती काढून आत यायची का? जादू काढून घेतली तर तुमच्या दुकानात येतंय कोण? नुसती टोपी घातलेली बाई. तिला बघायला कोण पैसे देईल?

खरं सांगते, मुद्दा बरोबर होता, म्हणून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तीन पानी उत्तर पाठवलं. तिनं पाच पानी. गोडबोल्या बिचारे इकडून तिकडे निरोप पोचवत हिंडत होते. त्यांनी मधला मार्ग काढला की जादू अर्धी चालू दे, म्हणजे भोक बुजेल पण हवा हळूहळू जाईल. मी विचारलं, अर्धी जादू कुठल्या मापानं मोजता? शाईवालीचं मत वेगळंच होतं. ती म्हणाली की घर बदललं तरी आपल्या हातची चव आपल्याबरोबर येते, पण नवीन घरचं पाणी वेगळं असतं, त्यामुळे पहिले काही दिवस सगळं बिघडतं. मी तिला म्हटलं, तू शाई बघ. आता वाटतं, तिघांत तीच शहाणी होती.

तेवढ्यात मासिकात जाहिरात आली आणि वाचकांनी भंडावून सोडलं. निम्मे म्हणत, फुंकर चाललीच पाहिजे. निम्मे म्हणत, मिस्त्रीच्या दुकानात फुंकर चालली तर आम्ही मासिक बंद करू. एका निवृत्त बाईंनी लिहिलं की माझे पती तुमच्या मिस्त्रीसारखे होते, कशालाही नाही म्हणायचे नाहीत, कृपया त्यांचा अपमान होऊ देऊ नका. ते पत्र मी गोडबोल्यांच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, बघा. गोडबोल्यांनी हात टेकले. पानं छापायला द्यायची तारीख सहा आठवड्यांवर होती आणि एक चौकट ठरलेली नव्हती.

मग एका सकाळी, दहाच्या सुमारास, जिन्यावर पावलं वाजली. पावलं मी ओळखली. अकरा वर्षांत माणसाचं वजन बदलतं, जिना चढायची रीत बदलत नाही.

धाकटी आत आली. केस पांढरे व्हायला लागले होते. ती जुन्या सवयीनं खिडकीकडच्या टेबलापाशी जायला निघाली, मग तिथे शाईवाली बसलीय हे बघून थांबली. पिशवीतून तिनं माझे शेवटचे दोन खंड काढले. त्यांच्यात कागदाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या, चाळीसेक असतील. ती काही न बोलता एकेक चिठ्ठी काढत पानं उघडत गेली. इथे खोकं. इथे बादली. इथे गिऱ्हाइकाचे पाय. इथे चक्क कुत्रं.

"ताई," ती म्हणाली, "चाकं कुठे गेली?"

एवढे वाचक, एवढी पत्रं, कुणाच्या म्हणून लक्षात आलं नव्हतं. मग व्हायचं तेच झालं, मी चिडले. म्हटलं, माझी मालिका आहे, मी कुत्रं काढीन नाहीतर हत्ती काढीन. तू जादूचं बोलायला आलीस ना, जादूचं बोल. शाईवाली पटकन उठून चहा आणायला गेली, आणि चहाचं सगळं सामान तर आमच्या खोलीतच होतं.

धाकटी म्हणाली की ती जादूचंच बोलतेय. गेले दोन महिने ती फुंकर चाललीच पाहिजे म्हणून भांडत होती, ते वाचकांसाठी नव्हतं आणि टोपीवाल्या बाईसाठीही नव्हतं. तिनं विसावा खंड वाचला, मग एकविसावा, आणि तिला वाटलं की त्या दुकानात काहीतरी मोडलंय आणि मिस्त्री ते खोक्यामागे लपवतोय. फुंकर मारायला ती कधीची तयार होती. पण अट माहितीये ना तुला.

माहीत होती. मी तिचा प्रत्येक खंड, निघाला त्या दिवशी विकत घेऊन वाचलेला होता. हे तिला ठाऊक नव्हतं.

मी खिडकीतून खाली बघत राहिले. खाली दोघं जण आरशाची मोठी काच टेम्पोत चढवत होते, एक पुढून, एक मागून, एकमेकांना सारखं सांगत की सांभाळ, सांभाळ. काच नीट चढली. टेम्पो गेला. धाकटी अजून उभीच होती. ती मला घाई करत नव्हती, आणि त्यानंच मला भरून आलं. कुणी ओरडून विचारलं असतं तर मी दुप्पट ओरडून उत्तर दिलं असतं.

"मोडलंय गं," मी म्हटलं. "मला जमत नाही."

बोलले आणि लहान पोरासारखी रडले. दोन वर्षांचं रडू होतं, बराच वेळ पुरलं. धाकटी जवळ आली नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. आमच्यात ती पद्धत नाही. तिनं शाईवालीची खुर्ची ओढली, डब्यातून निब निवडलं, नखावर घासून बघितलं, आणि पाकिटाच्या पाठीवर एक चाक काढलं. पट्टी नाही, कंपास नाही. छत्तीस स्पोक. मी वाकडी बसते म्हणून माझं प्रत्येक चाक किंचित डावीकडे कलतं. ही माझी चूक, वीस वर्षांची, एकाही समीक्षकानं न पकडलेली. तिच्या चाकातही ती होती.

"विसरायचा फार प्रयत्न केला," ती म्हणाली. "अकरा वर्षं केला. माझ्या जादूगारिणीच्या गाड्यांची चाकंसुद्धा कलतात. मेली सवय जातच नाही."

शाईवाली चहा घेऊन आली, कुठून आणला देव जाणे, आणि आम्हाला दोघींना रडताना बघून कप ठेवून परत जायला निघाली. मी तिला हात धरून बसवलं. मग आम्ही तिघी लागलीच भांडायला बसलो, कारण सहा आठवड्यांत चाळीस पानं करायची होती.

फुंकर चालायची की नाही यावर मी तसूभरही हलले नाही. पण मिस्त्रीच्या बाबतीत मला नमतं घ्यावं लागलं, आणि ते मी आनंदानं घेतलं. भागात असं होतं. जादूगारीण येते. मिस्त्रीकडे एक सायकल आहे, ट्रकखाली आलेली, आणि तो सवयीनं "ठेवून जा" म्हणून बसलाय. तीन दिवस झगडतो. शेवटी ती विचारते, आणि एकवीस खंडांत पहिल्यांदा तो म्हणतो, "मोडलंय, मला जमत नाही." ते पान मी स्वतः लिहिलं. जादूगारीण फुंकर मारते. काही होत नाही. पुन्हा मारते. धूळ उडते, बस. वाचकाला वाटतं, आता ही बाई लाजून निघून जाणार. ती टोपी काढते, खिळ्याला अडकवते, जमिनीवर फतकल मारून बसते आणि विचारते, "पाना कुठला देऊ?" पुढची अकरा पानं दोघं मिळून चाक जोडतात. ती अकरा पानं धाकटीनं काढली, माझ्या रेघेत.

जादू आली नाही म्हणून निम्मे वाचक भडकले. उरलेले, मिस्त्री "जमत नाही" म्हणाला म्हणून भडकले. त्या निवृत्त बाईंचं पुन्हा पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की माझे पती ते वाक्य शेवटपर्यंत बोलले नाहीत, बोलले असते तर मी तिथेच बसले होते हो. ते पत्र मी अजून कुणाला दाखवलेलं नाही.

मग बाविसावा खंड. धाकटी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी यायची, स्वतःची मालिका सांभाळून, चौदा महिने. मी डाव्या हातानं ओबडधोबड आराखडे काढायचे, ती त्यातून काय ते ओळखायची आणि चुकली की मी बोलायचे. चुकली नाही तरी बोलायचे. या चौदा महिन्यांत ती एकदाही म्हणाली नाही की बघ, तेव्हा माझं नाव घातलं असतंस तर. मी रोज वाट बघत होते. म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

शेवटच्या पानाला आमच्याकडे मालकानं सही करायची असते, उजव्या कोपऱ्यात, शाईनं. सहायक सही करत नाही. त्या गुरुवारी मिस्त्रीची सायकल पूर्ण झाली, पान वाळलं, आणि धाकटीनं ते माझ्याकडे सरकवलं. मी ते परत तिच्याकडे सरकवलं. म्हटलं, "तू सही कर." ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बघतेस काय, चहा निवतोय. तिनं मान खाली घातली, निब बुडवलं आणि झरझर सही केली.

माझी.

जुन्या दिवसांत वाचकांना पाठवायच्या कार्डांवर माझ्या सह्या तीच ठोकायची, हजारांनी. हाताला तेवढंच माहीत. तिनं स्वतःच बघितलं, कपाळावर हात मारला आणि पांढरा रंग शोधायला लागली. शाईवाली तोंडात पदर कोंबून हसत होती. मी मात्र हसले नाही. मला वीस वर्षं समोर दिसत होती, आणि त्यातल्या नऊ वर्षांत ही पोरगी काय काय करत होती ते.

मी पांढरा रंग तिच्या हातातून काढून घेतला. उजव्या हातात निब धरलं, डाव्यानं उजवं मनगट घट्ट दाबलं, आणि माझ्या नावाखाली तिचं नाव लिहिलं. एकेक अक्षर, थांबून थांबून. पाच मिनिटं लागली असतील. दुसरं अक्षर घसरलं, शेवटच्याची वेलांटी भलतीकडे गेली. खालून काच कापल्याचा आवाज येत होता. लिहून झाल्यावर मी निब ठेवलं आणि जे बारा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हटलं, "तुझे उपकार आहेत गं माझ्यावर." धाकटी म्हणाली, "गप बस, पान ओलं आहे," आणि डोळे पुसायला खिडकीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून फोन आला. कोपऱ्यातलं दुसरं नाव फार वाकडं आलंय, संगणकावर सरळ करून घेऊ का, विचारत होते. मी म्हटलं, हात तर लावून बघा.